झिजणारे तळवे आणि हंगामाचे गणित

बीड जिल्ह्यातील तेलगाव हे नाव मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला फारसे परिचित असण्याचे कारण नाही. माजलगाव, धारूर, वडवणी आणि सिरसाळामार्गे परळी अशा दिशांनी येणारे रस्ते जिथे एकमेकांना भेटतात, ते हे गाव. लगतच सुंदरनगर येथे लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाचे पाणी मिळू लागल्यानंतर या टापूत ऊस वाढला, आणि दिवाळीच्या आगेमागे गाळप हंगाम सुरू झाला की येथील रस्त्यांचे रूप पालटते. ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि त्यांच्या जोडीला बैल जुंपलेल्या टायरगाड्या, असा साखर कारखान्याच्या वाटेवरचा ओळखीचा ताफा या दिवसांत दिसतो. रबरी टायरांच्या गाडीचा आवाज फारसा होत नाही. कानावर पडतो तो बैलांच्या पायांतील लोखंडाचा ठेका. खुरांना ठोकलेल्या पत्र्या, म्हणजेच नाल, रस्त्यावर आपटून होणारा हा आवाज म्हणजे वस्तुतः झिजेचा आवाज होय. झिजते ते लोखंड, आणि ते झिजते म्हणूनच खूर शाबूत राहतो.

चालताना तळवा झिजतो, ही इतकी सर्वसामान्य गोष्ट आहे की तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. शहरात चप्पल झिजली की ती बदलली जाते. परंतु ज्याची उपजीविका चालण्यावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने तळव्याची झीज हा हिशेबाचा विषय असतो. ऊस वाहणारा बैल, ऊस तोडणारा मजूर आणि थेट दुसऱ्या टोकाला बर्फावर घसरणारा स्कीपटू, या तिघांपुढील प्रश्न मुळात एकच आहे. एका प्रकारच्या भूमीसाठी घडलेला तळवा दुसऱ्याच प्रकारच्या भूमीवर चालवावा लागतो, आणि नेमका तिथेच तो झिजतो.

मातीसाठी घडलेला खूर

गाय-बैलाचा खूर दुभंगलेला असतो. प्रत्येक पायाला दोन स्वतंत्र खूर, म्हणजे एका बैलाला एकूण आठ. प्रत्येक खुराचे बाहेरचे कवच केराटिन या प्रथिनाचे असते. आपली नखे, प्राण्यांची शिंगे आणि केस यांतही हेच प्रथिन आढळते. कवचाची उभी भिंत सर्वांत कठीण, खालचा तळ तिच्या मानाने मऊ, आणि मागच्या बाजूची टाच उशीसारखी लवचिक असते. भिंत आणि तळ जिथे जुळतात तिथे फिकट रंगाची एक रेषा दिसते. तिला पांढरी रेषा म्हणतात. हा सांधा खुरातील सर्वांत दुबळा भाग असून खडा, काटा किंवा घाण बहुधा इथूनच आत शिरते. कवचाच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला जिवंत थर असतो. वेदना होते ती या थराला. कवचाला वेदना नाही.

खूर सतत वाढत असतो. गाय-बैलांमध्ये ही वाढ ढोबळमानाने महिन्याला ५ मिलिमीटर असते. शेतात, कुरणात, पायवाटेवर चालणाऱ्या जनावराचा खूर जवळपास तेवढाच झिजतो, त्यामुळे वाढ आणि झीज यांचा मेळ आपोआप बसतो. गोठ्यात बांधून ठेवलेल्या जनावराचा खूर वाढून वाकडा होतो, तर रोज खडबडीत रस्त्यावर चालणाऱ्या जनावराचा खूर वाढीपेक्षा अधिक वेगाने झिजतो. दुसऱ्या प्रकारात तळ पातळ होत जातो आणि एका मर्यादेनंतर रस्त्यावरील बारीक खडीचाही दाब आतल्या जिवंत थराला जाणवू लागतो. बैल पाय जपून टाकू लागतो, मग लंगडतो, आणि अखेरीस उठायला नकार देतो.

मराठवाड्याची काळी जमीन खुराच्या दृष्टीने मऊच म्हणावी लागेल. तिच्यात पाय रुततो, पण खूर घासला जात नाही. नांगरटीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या बैलाला त्यामुळे नाल नसला तरी पुष्कळदा चालून जाते. प्रश्न उभा राहतो तो शेत सोडून रस्त्यावर आल्यावर. डांबराच्या पृष्ठभागावरील खडी ही खुरासाठी कानशीच ठरते. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यांवर पाणी वाहून जावे व वाहनांची पकड टिकावी म्हणून आडव्या रेघा ओढलेल्या असतात. वाहनाला सोयीचा असा हा खरखरीतपणा अनवाणी खुराला मात्र महाग पडतो. त्यात ओलाव्याची भर पडते. ओले खूर मऊ होते आणि मऊ खूर लवकर झिजते. पाणी दिलेल्या उसाच्या फडातून चिखल तुडवत निघालेला बैल थेट काँक्रीटवर येतो, तेव्हा खुराच्या दृष्टीने सर्वांत वाईट असे दोन प्रसंग एकापाठोपाठ एक घडलेले असतात.

पावलांचा हिशेब

या झिजेचे प्रमाण लक्षात येण्यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, फड कारखान्यापासून १० किलोमीटरवर आहे आणि गाडी दिवसाला एक खेप करते. जाऊन-येऊन २० किलोमीटर झाले. एकच पाय पुन्हा जमिनीवर टेकेपर्यंत बैल सुमारे दीड मीटर पुढे जातो असे धरले, तर एका पायाचे एका दिवसात १३ हजारांहून अधिक आघात होतात. हंगाम १५० दिवसांचा मानला तर अंतर ३ हजार किलोमीटर आणि प्रत्येक पायाचे आघात जवळजवळ २० लाख. बैलगाडीच्या वेगाने केलेला हा प्रवास तेलगावहून दिल्ली गाठून परत येण्याइतका आहे.

सर्व आघात सारखे नसतात. सपाट रस्त्यावर सरळ चालताना खूर जवळपास सरळ टेकतो आणि उचलला जातो, त्यामुळे घर्षण कमी. ओझे ओढताना मात्र बैल खुराचे टोक जमिनीत रोवून अंग पुढे रेटतो. त्यामुळे ओढकामाच्या जनावरांत टोकाची झीज आधी दिसते. वळताना खूर जागच्या जागी पिळला जातो, आणि पिळण्यातील घर्षण चालण्यातील घर्षणापेक्षा कितीतरी अधिक नुकसान करते. कारखान्याच्या वजनकाट्यावर आणि गव्हाणीसमोरच्या गर्दीत गाडी मागेपुढे घेताना होणारी झीज म्हणूनच दुर्लक्षिण्याजोगी नसते. तिसरा प्रसंग उताराचा. तेलगावहून धारूरकडे जाताना बालाघाटच्या डोंगरात घाट लागतो. अशा उतारावर भरलेल्या गाडीचा रेटा मागून येतो आणि तो थोपवण्यासाठी बैलाला खूर घासत उतरावे लागते.

दोन चाकांच्या गाडीत ओझ्याचा काही भाग जोखडावाटे बैलांच्या मानेवर येतो. उभ्या बैलाचे निम्म्याहून अधिक वजन एरवीही पुढच्या पायांवरच असते. गाडी पुढच्या बाजूला जड भरली की पुढच्या खुरांवरचा भार आणखी वाढतो. उसाच्या मोळ्या गाडीत कशा रचल्या, यावर खुरांची झीज काही अंशी ठरते, हे शहरी वाचकाला कदाचित नवल वाटेल. अनुभवी गाडीवानाला ते ठाऊक असते.

पत्री कशी बसते?

घोड्याचा खूर अखंड असल्याने त्याचा नाल अर्धवर्तुळाकार असतो. बैलाच्या दुभंगलेल्या खुराला तो चालत नाही. चालताना दोन्ही खूर एकमेकांपासून किंचित फाकतात आणि पुन्हा जवळ येतात. ही हालचाल पायाला बसणारा धक्का शोषून घेते. एकाच पत्र्याने दोन्ही खूर जखडले तर ही सोय संपेल. म्हणून बैलाला प्रत्येक खुरासाठी स्वतंत्र, चंद्रकोरीच्या अंगाची चपटी पत्री लागते. चारही पायांना नाल मारायचे तर एका बैलाला ८ आणि जोडीला १६ पत्र्या झाल्या.

घोडा उभ्याने नाल मारून घेतो. बैल तसा उभा राहत नाही. त्यामुळे दोरांनी बांधून त्याला आडवा पाडावा लागतो, चारही पाय एकत्र आवळावे लागतात आणि मगच नालबंद कामाला बसतो. आधी खूर स्वच्छ करून, वाढलेला भाग तासून तळ सपाट केला जातो. या तासण्यातच निम्मे कसब आहे. तळ कमी तासला तर पत्री डुगडुगते, अधिक तासला तर जिवंत थर उघडा पडतो. त्यानंतर पत्री खुराच्या मापाला वाकवून बसवली जाते. टाचेची उशी दबली जावी आणि सुटावी यासाठी तिला मोकळे ठेवणे आवश्यक असते.

खिळे ठोकले जातात ते केवळ बाहेरच्या कडेने, भिंतीच्या निर्जीव कवचातून. खिळा खालून तिरका वर जातो आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाने बाहेर पडतो. बाहेर आलेले टोक तोडून उरलेला भाग वाकवला की पत्री पक्की होते. बैलाच्या खुराची भिंत घोड्याच्या मानाने पातळ असते, त्यामुळे नालबंदाला चुकीला वाव फार थोडा. खिळा थोडा आत गेला तर जिवंत थर दुखावतो, पू धरतो आणि संरक्षणासाठी केलेला उपायच लंगडण्याचे कारण ठरतो. नाल मारल्यानंतर एक-दोन दिवसांत बैल पाय उचलून धरू लागला, तर संशय प्रथम खिळ्यावर घ्यावा, असे म्हणतात ते याचसाठी.

एकदा मारलेला नाल हंगामभर पुरत नाही. रस्त्यानुसार आणि ओझ्यानुसार तो काही आठवड्यांत झिजतो. लोखंड जाड वापरून हा काळ वाढवता येईल असे वरवर वाटते. पण पत्री शाबूत असली तरी तिच्याखाली खूर वाढतच असतो. वाढीबरोबर पत्री पुढे सरकते, टाचेवरचा आधार कमी होतो आणि खिळे सैल पडतात. शिवाय जाड पत्री म्हणजे प्रत्येक पावलाला उचलावे लागणारे जादा वजन. म्हणून नाल ठरावीक काळाने काढून, खूर तासून, पुन्हा मारणे हेच योग्य ठरते.

या कामाचे महत्त्व आपल्या इतिहासाला अपरिचित नाही. मराठेशाहीत मोहिमेवर निघण्यापूर्वी शिलेदारांना घोड्यांच्या तयारीसाठी जी आगाऊ रक्कम दिली जाई, तिला ‘नालबंदी’ असे नाव होते. सैन्य चालायचे असेल तर आधी घोड्याचा पाय चालला पाहिजे, हे त्या शब्दातच सांगितले आहे. आज ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादमाकडून मिळणाऱ्या आगाऊ रकमेला ‘उचल’ म्हणतात. मोहीम बदलली, पण पाऊल उचलण्याआधी पैसा उचलण्याची रीत कायम आहे.

लोखंडाची मर्यादा

लोखंड झिजेपासून वाचवते, पण ते घसरते. मातीत पत्रीची कडा रुतते आणि पकड मिळते. गुळगुळीत झालेल्या डांबरावर, सांडलेल्या तेलावर किंवा पहाटेच्या दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर हीच पत्री पाय घसरण्यास कारण होते. खिळ्यांची डोकी किंचित वर ठेवली तर नवा नाल बरी पकड देतो, मात्र ती डोकी झिजताच पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. टिकाऊपणा आणि पकड यांतील ही ओढाताण तळव्याच्या साऱ्या इतिहासात दिसते.

युरोपातील गिर्यारोहक पूर्वी तळाला लोखंडी खिळे मारलेले चामडी बूट वापरत. १९३५ मध्ये आल्प्स पर्वतात सहा इटालियन गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्यांच्या पायांतील पादत्राणे त्या हवामानाला अपुरी होती. या दुर्घटनेने अस्वस्थ झालेल्या व्हिताले ब्रामानी यांनी पिरेली या टायर बनविणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. ‘व्हिब्रम’ या नावाने तो जगभर गेला आणि खिळ्यांचे बूट मागे पडले. टायर आणि तळवा यांचे नाते आपल्याकडेही जुने आहे. टाकाऊ टायर कापून केलेली चप्पल ग्रामीण महाराष्ट्राने वर्षानुवर्षे वापरली. रस्त्यावर झिजण्यासाठीच बनवलेले रबर पायाखाली घ्यावे, हा विचार इटलीत आणि मराठवाड्यात आपापल्या गरजेतून सुचला, असे म्हणता येईल.

बर्फावरचा बूट आणि वाहनतळ

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. काश्मीरमधील गुलमर्ग किंवा उत्तराखंडमधील औली येथे स्कीइंग शिकायला जाणाऱ्यांत मराठी पर्यटकही असतात. भाड्याने मिळणारा स्कीचा बूट प्रथमच पायात घालणाऱ्याला तो बूट कमी आणि साचा अधिक वाटतो. टणक प्लास्टिकचे कवच, न वाकणारा घोटा आणि सपाट, कडक तळ. हा बूट चालण्यासाठी घडलेलाच नाही. त्याचे काम पायाची प्रत्येक हालचाल स्कीच्या पट्टीपर्यंत पोहोचवणे हे होय.

बुटाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला ठरावीक आकाराचे ओठ असतात. पट्टीवरील पकडयंत्र, ज्याला बाइंडिंग म्हणतात, या ओठांना धरून ठेवते. घसरताना तोल जाऊन पायावर धोकादायक पीळ पडला, तर हे यंत्र क्षणात बूट सोडून देते. ते किती जोर आल्यावर सुटावे, हे स्कीपटूचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून ठरवले जाते. ही सारी गणिते बुटाचे टोक विशिष्ट मापाचे आहे असे गृहीत धरतात. उतारावरच्या नेहमीच्या स्कीइंगसाठीच्या बुटांचे हे माप आयएसओ ५३५५ या आंतरराष्ट्रीय मानकाने निश्चित केले आहे.

हा बूट घालून वाहनतळापासून उतारापर्यंत डांबरावरून, खडीवरून चालत गेले की तळाचे प्लास्टिक घासले जाते. टोक झिजते, कडा गोल होतात, तळाला ओरखडे पडून खाचांत वाळू अडकते. परिणामी पकडयंत्रात बूट सैल बसतो, किंवा सुटायच्या वेळी तळ सहज सरकत नाही. दोन्ही बाबतीत धोका गुडघ्याला आणि नडगीला असतो. चालण्याने झिजतो तो तळ, पण त्याची किंमत चुकवावी लागते ती पडण्याच्या वेळी.

यावरचे उपाय सोपे आहेत. पहिला म्हणजे न झिजवणे: साधे बूट घालून उतारापर्यंत जावे आणि तिथे पायातील बदलावे. दुसरा म्हणजे तळावर चढवता येणारे रबरी आवरण. चालताना ते लावायचे, स्कीवर चढण्यापूर्वी काढून खिशात ठेवायचे. तिसरा म्हणजे टोकाचे आणि टाचेचे तुकडे स्क्रूने बदलता येतील असा बूट घेणे. अलीकडे चालण्यास सोयीचा, किंचित वक्र रबरी तळ असलेले बूटही मिळतात. आयएसओ २३२२३ हे त्यांचे स्वतंत्र मानक आहे. मात्र त्यांना साजेसे पकडयंत्र असल्याची खात्री करून घ्यावी लागते, कारण जुन्या यंत्रात नवा तळ नीट बसेलच असे नाही. बूट भाड्याने घेणाऱ्याने तळ उलटा करून टोकाची झीज पाहावी आणि फार घासलेला बूट परत करावा. या पाहणीला अर्धा मिनिट पुरतो.

चढवता-काढता येणाऱ्या आवरणाची कल्पना पशूंच्या बाबतीतही जुनी आहे. प्राचीन रोमन लोक घोड्याच्या खुराला पट्ट्यांनी बांधता येईल असे लोखंडी पादत्राण वापरत, तर जपानमध्ये घोड्यांसाठी भाताच्या पेंढ्याची पायताणे विणली जात. पेंढा लवकर झिजे, पण नवे पायताण वाटेत कुठेही मिळे. गोल चक्कर मारून आपण पुन्हा त्याच तत्त्वापाशी येतो. चालायचे तर काहीतरी झिजणारच. मग झिजावे ते स्वस्त, वेगळे करता येणारे आणि सहज बदलता येणारे असावे. बैलाची पत्री, चपलेला लावलेला नवा सोल आणि स्कीच्या बुटावरचे रबरी आवरण ही एकाच विचाराची तीन रूपे आहेत.

फडातला पाय

बैलाच्या पायाचा विचार करताना गाडीबरोबर चालणाऱ्या माणसाच्या पायाचा विसर पडू नये. ऊसतोड मजुराच्या पायापुढचा धोका झिजेपेक्षा निराळा आहे. कोयत्याने तिरका तोडलेला ऊस जमिनीलगत जे धसकट मागे ठेवतो, ते टोकदार असते. पातळ रबरी स्लीपरमधून ते सहज आरपार जाते. चप्पल दोन-चार महिने घासून पातळ झालेली असेल तर अधिकच. हंगामाच्या सुरुवातीला पुरेसा जाड असलेला तळ माघ-फाल्गुनापर्यंत कागदासारखा होतो, आणि नेमके त्याच वेळी काम अंगावर येऊन शरीरही थकलेले असते.

पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ मानली जाते. त्यातील एकाचा पाय जायबंदी झाला तरी कोयता अर्धा होत नाही, तो थांबतोच. तीच गोष्ट बैलांची. जोडीतला एक बैल लंगडू लागला की दुसरा धडधाकट असूनही गाडी उभी राहते. मजुरी मिळते ती तोडलेल्या आणि वाहून नेलेल्या टनांवर. गाडी उभी असलेल्या दिवसाची मजुरी शून्य, उचल मात्र तशीच अंगावर. हंगाम संपताना ती फिटली नाही तर पुढच्या वर्षाच्या हिशेबात ओढली जाते. हंगामाच्या मध्यावर नवा बैल घ्यायचा तर बाजारात अडलेल्याचा भाव द्यावा लागतो. एका पत्रीची किंमत आणि एका बैलाची किंमत यांतील तफावत लक्षात घेतली, म्हणजे खुराची निगा ही केवळ भूतदयेची बाब उरत नाही. भूतदया आणि व्यवहार एकाच दिशेला बोट दाखवतात, असे प्रसंग फार थोडे असतात. हा त्यांपैकी एक आहे.

करता येण्याजोगे

या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ मध्ये केलेल्या नियमांत जनावराचा आकार व गाडीचे चाक यांनुसार ओझ्याची मर्यादा घातली आहे. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा अधिक, विश्रांतीविना सलग ५ तासांपेक्षा अधिक, आणि तापमान ३७ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असलेल्या ठिकाणी दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावरांना जुंपू नये, असे हे नियम सांगतात. मराठवाड्यात मार्च महिन्यातच पारा या मर्यादेजवळ जातो, आणि तेव्हा हंगाम अनेकदा चालू असतो. तापलेला रस्ता, झिजलेला खूर आणि वाढीव ओझे यांचा एकत्र विचार नियमांच्या अंमलबजावणीत व्हायला हवा.

खुरांपुरते बोलायचे तर काही गोष्टी अल्प खर्चात साधण्यासारख्या आहेत. हंगामावर निघण्यापूर्वी प्रत्येक बैलाच्या खुरांची तपासणी आणि लाळ्या-खुरकूत रोगाचे लसीकरण ही पहिली पायरी. या रोगात खुरांच्या बेचक्यात फोड येतात आणि चांगला नाल मारलेला बैलही उभा राहू शकत नाही. दुसरी पायरी म्हणजे कारखान्याच्या आवारात किंवा बैलगाड्यांच्या तळावर नालबंदाची नेमकी सोय. बैल पाडण्यासाठी मऊ मातीची जागा लागते. पोट भरलेल्या बैलाला पाडल्यास पोट फुगण्याचा धोका असल्याने हे काम सकाळी, चारा-पाण्यापूर्वी व्हावे. गाडीवानाला एक पूर्ण दिवस न गमावता हे उरकता आले, तरच तो वेळेवर नाल बदलेल. अन्यथा ‘आणखी चार खेपा निघतील’ असे म्हणत झिजलेल्या पत्रीवर बैल हाकला जातो.

तिसरी पायरी ज्ञानाची. नालबंदाचे काम पिढीजात चालत आले आणि महाराष्ट्रात ‘नालबंद’ हे आडनावही त्यातून रूढ झाले. ट्रॅक्टर आणि ऊसतोडणी यंत्रांमुळे बैलगाड्या कमी होत आहेत, तसे हे कसबही विरळ होत चालले आहे. यंत्रे यावीत, त्यात गैर काही नाही. पण जोवर बैल रस्त्यावर आहे तोवर त्याच्या पायाला जाणता हात मिळायला हवा. परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पारंपरिक नालबंदांचे हस्तकौशल्य आणि पशुवैद्यकाचे शरीररचनेचे ज्ञान यांची सांगड घालणारे छोटे प्रशिक्षण मराठवाड्यातच घेता येण्यासारखे आहे. लंगडणाऱ्या गायीच्या निरोगी खुराला लाकडी किंवा रबरी ठोकळा चिकटवून दुखऱ्या खुराला विसावा देण्याची पद्धत दुग्धव्यवसायात रूढ आहे. दुखावलेल्या बैलाला विश्रांतीच्या काळात तिचा उपयोग करता येईल.

चौथी गोष्ट रस्त्यांची. रस्ता काँक्रीटचा होताना त्याच्या कडेची मातीची पट्टी सपाट आणि खड्ड्यांविना राखली, तर निदान परतीची रिकामी गाडी मातीवरून नेता येते. अंतर तेच राहिले तरी निम्म्या वाटेची झीज वाचते. रात्री मागून येणाऱ्या भरधाव वाहनांपासूनही त्यामुळे थोडे संरक्षण मिळते.

शहरातल्या वाचकाच्या घरी साखरेचा डबा भरला जातो, तेव्हा तिच्या किमतीत उसाचा दर, तोडणी, वाहतूक आणि गाळप यांचा खर्च धरलेला असतो. फडापासून गव्हाणीपर्यंतच्या वाटेवर लोखंड किती झिजले, खूर किती झिजले आणि माणसाच्या पायाखालचे रबर किती झिजले, हा हिशेब मात्र ज्याचा त्याने आपल्या खिशातून भागवायचा असतो. नालाचा खर्च वाहतुकीच्या दरात उघडपणे धरला गेला आणि मजुराला हंगामाच्या सुरुवातीला जाड तळाचे बूट मिळाले, तर साखरेच्या भावात फरक जाणवणार नाही. तेलगावच्या रस्त्यावर चालणाऱ्या पावलांना मात्र तो पहिल्या दिवसापासून जाणवेल.